ग्राफीन ऑक्साईडवर सिलेन खरंच बसलंय, की नुसतं चिकटलंय? मदत हवी आहे

मंडळी, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मालवणात होड्यांच्या लोखंडाला गंजरोधक इपॉक्सी करतोय. हमर्स पद्धतीने (ग्रॅफाईटला गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लावून) ग्राफीन ऑक्साईड केलं, म्हणजे ऑक्सिजनचे गट लागलेल्या कार्बनच्या अतिपातळ शीट्स. ते पाण्यात छान पसरतं, इपॉक्सीत मात्र गोळे. म्हणून त्यावर एपीटीईएस चढवलं, हे एका टोकाला अमाईन असलेलं सिलेन (सिलिकॉनचं जोडणारं रसायन). एका टोकाचं सिलेन शीटवरच्या हायड्रॉक्सिलला धरेल, दुसऱ्या टोकाचं अमाईन इपॉक्सीला, असा हिशोब.

एपीटीईएसचा थेंब पडताच ऑक्साईडचं तपकिरी द्रावण नासक्या दुधासारखं फाटलं. तरी रेटलं. एफटीआयआरमध्ये (कुठले बंध आहेत ते दाखवणारी इन्फ्रारेड चाचणी) ११०० सेमी⁻¹ च्या आसपास रुंद पीक आहे, ते सिलेनचं धरलं. पण काम भर आषाढातलं, लॅबच्या भिंतींनाही ओल. ओलीमुळे सिलेन शीटला न धरता आपापसातच जुळलं असेल तर? एक्सपीएसचं (पृष्ठभागावरचे अणू आणि बंध तपासणारी चाचणी) बजेट नाही.

१ टक्का घालून पत्रे रंगवले, जेटीवरून दोरीने सोडले. नवव्या दिवशी तांदळाएवढे फोड. नुसत्या इपॉक्सीच्या पत्र्यावर एकही नाही!

प्रतिसाद १
फाटणारच. कार्बॉक्सिलच्या ऋणभारामुळे शीट्स एकमेकींपासून लांब राहतात. आम्लात अमाईनला धनभार येतो आणि तो हा भार मारतो. सिलेन आपापसात जुळतंय का ते कळायला ऑक्साईड न घालता बाकी सगळं तेच ठेवून एकदा करून बघा. नुसत्या गढूळपणावर जाऊ नका, एपीटीईएस पाण्याशी लागूनही स्वच्छ दिसू शकतं. वाळवून एफटीआयआर काढा. खरा नमुना इथेनॉलने धूत राहा. दर धुण्याला पीक घटलं तर नुसतं चिकटलेलं.

फोडांचं कारण वेगळं वाटतं. हमर्समधले क्षार रंगात राहिले की पाणी ओढतात. ऑक्साईड धुतलेल्या शेवटच्या पाण्यात बेरियम क्लोराईड टाकून बघा, पांढरं झालं तर सल्फेट उरलंय.

धागाकर्ता
टाकलं. नळी पांढरीफेक! जेटीवरच्या काकांनी पत्रे सोडतानाच विचारलेलं, "गोड्या पाण्यान धुतलंस काय रे?" मी हसलो होतो. पत्रे धुतलेले, ऑक्साईड मात्र तीनदाच. म्हणजे ते ११०० चं पीकसुद्धा...?

प्रतिसाद १
सल्फेटचंही तिथेच येतं, हो. सिलेनचा निकाल लावायच्या आधी ऑक्साईड नीट करा. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, मग डिस्टिल्ड पाणी.

धागाकर्ता
आम्ल निघत जातं तसं ते जेलीसारखं फुगतं, फिल्टरमधून थेंब उतरत नाही.

प्रतिसाद २
गाळत बसू नका. डायलिसिसच्या नळीत (क्षार बाहेर सोडते, शीट्स आत ठेवते) भरा, बादलीत ठेवा, पाणी बदलत राहा. आठवडा जाईल. आणि १ टक्का कशाला? ०.१ पासून सुरू करा.