पऱ्हाटीच्या ओरखड्यांचे डाग कसे जातील?

प्रश्न (चोपडा): पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटताना हातांवर आलेले ओरखडे भरले आहेत, परंतु तपकिरी डाग राहिले आहेत. घरातील वडीलधारी मंडळी लिंबू चोळण्यास सांगतात. ते करावे काय?

उत्तर (भुसावळ): मुळीच करू नये. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की दाह होऊन डाग अधिक गडद होऊ शकतात, आणि आपल्या खान्देशातील उन्हाविषयी वेगळे सांगायला नको. वरवरच्या ओरखड्यात त्वचेचा वरचाच थर खरवडला जातो, त्यामुळे मागे राहतो तो बहुधा व्रण नसून वाढलेल्या रंगद्रव्याचा डाग असतो. तो काही महिन्यांत फिकट होतो, मात्र तोवर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन वापरावे.

उत्तर (शिरपूर): सहमत आहे. पुढच्या वेळी जखम साध्या पाण्याने व साबणाने धुऊन तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, कारण ओलसर राहिलेली जखम कोरड्या खपलीपेक्षा लवकर भरते. खपली नखाने काढू नये. व्रण उंचावला असेल तर सिलिकॉन जेल दोन-तीन महिने नियमित लावावे. व्हिटॅमिन ईच्या तेलाचा मात्र फारसा उपयोग होत नाही, उलट काहींना पुरळ येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एक ओरखडा जाड होऊन मूळ जखमेबाहेर पसरत आहे.

उत्तर (शिरपूर): तो केलॉइड, म्हणजे जखमेच्या सीमेबाहेर वाढणारा जाड व्रण, असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.