गेटबाहेर जा म्हणणाऱ्यांनी आधी बसचं टायमिंग बघा

फिटर_हिंगणा:
काल एका साहेबांनी लिहिलं, "युनियनची निवडणूक हा तुमचा घरगुती मामला. प्रचार गेटबाहेर करा, कंपनीची जागा कामासाठी आहे." त्यावर पन्नास अंगठे. रात्रभर डोक्यात घोळलं, म्हणून लिहून राहिलो. लांबेल.

साहेब, गेटबाहेर माणूस असतो किती वेळ? आमची पहिली पाळी साडेतीनला सुटते. पंचिंग, झडती, आणि तीन चाळीसला बसेस हलतात. कोणी वाडीला, कोणी कामठीला. दहा मिनिटांत साडेतीनशे माणसं गायब. दोन वर्षांमागं, मे महिन्यात, मी रोडपलीकडच्या कडुनिंबाखाली पत्रकं घेऊन उभा होतो, कारण सिक्युरिटीवाला म्हणाला कंपाउंडची सावलीही कंपनीची. बसच्या खिडकीतून पत्रक द्यायला हात वर केला तर आतल्यानं काच ओढली. एवढ्या उन्हात! बाजूला सुपरवायझर बसला होता ना. माझं बोट चेंगरलं. त्या दिवशी पत्रकं गेली अकरा.

आणि निवडणुकीत ज्यांच्याविरुद्ध उभा होतो ते युनियनचे अध्यक्ष? त्यांचं ऑफिस कॅन्टीनला लागून, कूलरसकट. नोटीस बोर्डाची किल्ली त्यांच्या खिशात. 'युनियनचं काम' म्हणून ड्युटीवर चारही शॉप, म्हणजे कारखान्याचे विभाग, फिरायची मुभा. ते फिरले तर काम, मी जेवणाच्या सुट्टीत बोललो तर गैरवर्तन. नियम दोघांना सारखा असता तर तोंड उघडलं नसतं.

बुटीबोरी_एचआर:
दादा, त्या पन्नास अंगठ्यांतला एक माझा. काढणार नाही.

आधीच्या कंपनीत आम्ही कॅन्टीनमध्ये प्रचाराला परवानगी दिली होती. दोन पॅनल, घोषणा, कोणीतरी बाक ओढला आणि सांबाराचं पातेलं कलंडलं. एका अप्रेंटिस मुलीचा हात कोपरापर्यंत भाजला. तिला माझ्या गाडीतून मी नेलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पॅनल दवाखान्यात आली, वेगवेगळी केळी घेऊन, आणि वेगवेगळे फोटो काढून गेली. अपघाताच्या कागदांवर सही मात्र माझी. गेटच्या आत जे होतं त्याचा जाब मला विचारतात, तुमच्या पॅनलला नाही.

काळा_कोट:
भावनेत वाहू नका. १९६९ चा रेल्वे बोर्ड विरुद्ध निरंजन सिंग हा निकाल आहे. बोलायचं, जमायचं, संघटना करायचं स्वातंत्र्य आहे, पण ते दुसऱ्याच्या जागेत मन मानेल तिथं वापरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. तेही जागा सरकारी रेल्वेची असताना! आपल्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या युनियन-मान्यतेच्या कायद्यात कलम २० खाली आवारात बोर्ड लावायचा, सभासदांशी बोलायचा हक्क आहे, पण तो मान्यताप्राप्त युनियनला. बोलणंही वाद टाळायला किंवा मिटवायला, मतं मागायला नाही. पॅनल हा शब्दच तिथं नाही.

फिटर_हिंगणा:
वकीलसाहेब, म्हणजे बोर्ड युनियनचा. मग युनियन म्हणजे अध्यक्ष की साडेतीनशे सभासद? वर्गणी तर मीही भरतो.

काळा_कोट:
मुद्दा आहे. पण तो मालकाविरुद्ध नाही, तुमच्याच कमिटीविरुद्ध आहे. धागा चुकीच्या माणसावर काढलात.

अजनीचे_काकाजी:
राजेहो, आमचं रेल्वेचं पाहा. कोणत्या युनियनले मान्यता द्यायची त्यासाठी गुप्त मतदान, २०१३ नंतर थेट डिसेंबर २०२४ ले, ४ ते ६ तारखेले. नोकरीत होतो तेव्हा मी सोता लॉबीच्या, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड हजेरी लावतात त्या खोलीच्या, दारात उभं राहून पत्रकं वाटली, आन् गाडी एक मिनिट लेट झाली नाही. माणूस जिथं भेटते तिथंच प्रचार होते. नागपूरले हे शिकवू नका बाप्पा. १९२९ ले आयटक, म्हणजे देशभरच्या युनियनांचा महासंघ, फुटली ती याच गावात, नेहरू अध्यक्ष असताना. फुटून गेलेले परत जवळ आले १९३८ ले, तेही इथंच. माझा बाप एम्प्रेस मिलमध्ये होता. तिथं आता मॉल हाय. मॉलमध्ये कोणाची युनियन हाय सांगा.

तर्री_जास्त:
इतिहास राहू द्या काकाजी, पोह्यांचं बोला. आत बंदी घातली की प्रचार जातो ठेल्यावर आणि सावजीत. मग ज्याच्याकडे पैसा तो जिंकतो. आमच्याकडे मागच्या वेळी एका पॅनलनं सलग चार रात्री मटण चारलं. पत्रकाचा खर्च तो काय!

बुटीबोरी_एचआर:
म्हणजे मटण चारणं हा मालकाचा दोष?

तर्री_जास्त:
ताई, मटण कोणाच्या पैशानं आलं ते विचारा. आमच्याकडे बिल ठेकेदारानं भरलं, अशी सगळ्या शॉपमध्ये चर्चा होती.

फिटर_हिंगणा:
हेच म्हणतो मी!

तर्री_जास्त:
तू नको बोलू भाऊ. मी पण तुझ्याच कंपनीत आहे. तुझ्या पॅनलनंही टी-पॉइंटजवळ सकाळी सहाला तर्री पोहे वाटले. मी स्वतः दोन प्लेटा खाल्ल्या. मत दुसऱ्याला दिलं, ते सोड.

फिटर_हिंगणा:
खाल्ल्या आणि इथं उघडं करून राहिला? पोहे आणि मटण एक आहे का बे? पोहे म्हणजे थांबवायचं निमित्त. माणूस प्लेट हातात घेतो तेव्हा सात मिनिटं हलत नाही, तेवढ्यात बोलून घ्यायचं. कॅन्टीनमध्ये बोलू दिलं असतं तर लागले असते का पोहे?

काळा_कोट:
प्लेट छोटी असो की मोठी, आमिष ते आमिष.

अजनीचे_काकाजी:
वकीलसाहेब, तुमच्या बार असोशिएशनच्या निवडणुकीत काय उपास ठेवतात का?

काळा_कोट:
वैयक्तिक होऊ नका.

ठेक्यावरचा:
भांडा. बारा वर्षं त्याच मशीनवर आहो, तुमच्या युनियनमध्ये आमचं नावच नाही. आम्हाले ना बोर्ड, ना मत. पोहे देता का तेवढं सांगा.

फिटर_हिंगणा:
भाऊ, तुमचं खरं आहे. पण आत्ता त्यात शिरलो तर हे राहून जाईल.

ठेक्यावरचा:
दर वेळी हेच ऐकतो.

बुटीबोरी_एचआर:
बरं. बोर्डाचे दोन समान भाग, किल्ली टाइम ऑफिसमध्ये. जेवणाच्या सुट्टीत सायकल स्टँडवर दोन टेबलं, प्रत्येकी एक. माईक नाही, घोषणा नाही, मशीनजवळ कोणी नाही, आणि सांबाराच्या पन्नास फुटांत तर अजिबात नाही. एवढं मी आमच्याकडे करीन. तुमच्या एचआरला सांगायला मी येणार नाही. अंगठा तसाच आहे.

काळा_कोट:
हे मालकाच्या मर्जीनं झालं, हक्कानं नाही. नोंद असावी.

फिटर_हिंगणा:
नोंद घेतली साहेब, कोर्टात कामी येईल. ताई, सायकल स्टँड चालेल, तिथं सावली तरी आहे. उद्या अर्ज देतो, वर तुमचं वाक्य न् वाक्य उतरवून, नाव न टाकता. शुक्रवारी मतदान आहे, उत्तर यायचं नाही ते माहीत आहे. तोवर कडुनिंबाखाली. ज्यानं दोन प्लेटा खाल्ल्या त्यानं या वेळी निदान काच उघडी ठेवावी.

तर्री_जास्त:
ठेवतो. पोहे आहेत ना?

फिटर_हिंगणा:
मागची उधारी फिटेपर्यंत नाही.