शब्दचर्चा : लठ्ठ, जाड, स्थूल की 'हेल्दी'?

रामबागवाली
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. इथे इंदुरात आमच्या मंडळाचा शुगर-बीपी तपासणीचा कॅम्प आहे आणि ज्यांचं वजन खूपच जास्त आहे अशांसाठी यंदा डॉक्टरांनी वेगळं टेबल ठेवायचं ठरवलंय. पत्रक दोन भाषांत निघणार. हिंदीवाले 'मोटापा' लिहून चहा प्यायला मोकळे झाले, मराठीचं माझ्या गळ्यात पडलं. डॉक्टर म्हणतात सिव्हिअर ओबेसिटी म्हणायचंय, नुसतं वजन जास्त असं नाही. कमिटीत कुणीतरी 'अतिलठ्ठ लोकांसाठी' सुचवलं तर एक काकू म्हणाल्या, अगं असं लिहिलंत तर त्या टेबलाकडे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही, सगळ्या गावासमोर तिथे जाऊन कोण उभं राहील. खरंय. मग स्थूल लिहायचं का? वजनदार तर नकोच, तो पुढारी वाटतो. आणखी काय चालेल?

पोहेजलेबी
हेल्दी लिहा ना भिया, आपल्याकडे सगळे हेच तर बोलून राहिलेत. स्थळ सांगताना पण 'मुलगी जरा हेल्दी आहे' म्हणतात, समोरच्याला बरोबर समजतं.

रामबागवाली
अरे तपासणीच्या कॅम्पात हेल्दी लोकांचं वेगळं टेबल? मग बाकीच्यांनी काय करायचं 😀

सुदामानगरचा भीम
हे नाव मी स्वतः घेतलेलं नाही, शाळेपासून चिकटलंय, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. मला हेल्दी म्हटलं की जास्त राग येतो. जाड्या म्हणणारा निदान समोरून तरी म्हणतो, हेल्दी म्हणणारा आधी माझ्याकडे बघतो, मग नजर वळवतो आणि मग शब्द शोधतो, ते जे मधलं थांबणं आहे ना त्यातच सगळं कळतं. मला जाड म्हटलेलं चालतं. भाकरी जाड असते, कापड जाड असतं, तसा मी जाड. त्यात काय.

आता एक किस्सा, नाव घेत नाही. एका दवाखान्यात गेलो होतो, तिथला काटा १२० च्या पुढे जायचा नाही. मी उतरलो तर कंपाउंडर हसत हसत म्हणतो, सर तुम्हाला चोइथराम मंडीत ट्रक तोलायच्या धर्मकांट्यावर न्यावं लागेल. बाकावर बसलेले सगळे हसले, मीपण हसलो, काय करणार. नंतर बीपी घ्यायला लागला तर पट्टा दंडाला पुरेना, ओढून ताणून लावला, आकडा भलताच आला आणि त्यावरून डॉक्टरांनी आणखी चार शब्द सुनावले. यात शब्दाचा दोष किती आणि काट्याचा किती ते तुम्हीच ठरवा. तुमच्या पत्रकात काहीही लिहा, पण टेबलावर मोठा पट्टा आणि मोठा काटा आहे ना ते आधी बघा.

पांढरा कोट
पट्ट्याबद्दल दादा अगदी बरोबर बोलले. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, त्यावर उगाच गोळीसुद्धा सुरू होऊ शकते. रामबागवाली ताई, मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, मागवून ठेवा.

व्याख्येचं थोडक्यात सांगतो. वजन किलोत, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, तो बीएमआय. हे गणित केतले नावाच्या बेल्जियन माणसाचं, १८३० च्या दशकातलं, आणि तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि संख्याशास्त्रवाला होता, त्याला सरासरी माणूस शोधायचा होता. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये पडलं. जागतिक मोजमापात ३० च्या वर ओबेसिटी, ४० च्या वर सिव्हिअर. भारतीयांसाठी ओबेसिटी २५ पासूनच धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि शुगर लवकर मागे लागते.

बडोद्याची मामी
आमच्याकडे गुजरातीत मेदस्विता म्हणतात, २०२५ मध्ये सरकारची मेदस्विता-मुक्त गुजरात अशी मोहीमसुद्धा निघाली. कानाला कसं सभ्य लागतं. पण पोरं शाळेत एकमेकांना मेदस्वी थोडीच म्हणतात, तिथे आपलं जाडियो नि जाडीच. माझ्या मते मराठीत 'मेदवृद्धी' घ्या, आजार वाटतो, शिवी वाटत नाही.

पोहेजलेबी
मेदवृद्धी वाचून माझी आई म्हणेल काहीतरी भाववाढ झाली.

जुना छापखाना
स्थूल या शब्दाची गंमत बघा. वेदान्तात स्थूल देह सगळ्यांचाच असतो, काडीपैलवानाचासुद्धा. 'स्थूलमानाने' म्हणजे ढोबळ अंदाजाने. म्हणजे मूळ शब्दात अपमान काहीच नाही. पण कुणी 'त्या जरा स्थूल आहेत' असं म्हटलं की खोलीत एकदम शांतता पसरते. आणि लठ्ठ बघा, पगार गलेलठ्ठ असला की तोंडाला पाणी सुटतं, हुंडा लठ्ठ असला की व्याही खूश, फक्त माणूस लठ्ठ असला की नाकं मुरडतात. ढेरीचंही तसंच, पुरुषाला ती खात्यापित्या घरची खूण, बाईला ती आळसाची. आपल्या गणपतीला आपण लंबोदर म्हणून हात जोडतो ते वेगळंच.

जाता जाता, इंदुरी मराठीत आणखी एक घोळ. आमच्या शेजारी हिंदीभाषक सुनेला सासूबाई मराठीतून म्हणाल्या, 'तुझी मुलगी किती मोठी झाली गं', तर ती रुसून बसली, तिला मोटी ऐकू आलं.

लष्करवाली बाई
मी ग्वाल्हेरला मराठी शिकवत असे, आता रिटायर आहे, तेव्हा थोडं लांबेल, सांभाळून घ्या. तुम्ही सगळे नामं आणि विशेषणं धुंडाळताय, पण मला विचाराल तर दुखणं क्रियापदात आहे. 'वजन वाढलं' आणि 'वजन वाढवलंस' ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यात कर्ता वजन, दुसऱ्यात कर्ता तुम्ही. पुरुषाचं पोट 'सुटतं', म्हणजे आपोआप, जसं काही दावणीचं ढोर सुटलं. बाईने मात्र 'केवढं वजन वाढवून ठेवलंय'. ते 'ठेवलंय' ऐका, म्हणजे मुद्दाम, जपून, कपाटात घडी घालून ठेवल्यासारखं. नवी नवरी भरली की 'लग्न मानवलं हं' असं कौतुक, पहिलं मूल झाल्यावर हेच वाक्य कौतुकातून चौकशीत जातं आणि दुसऱ्या मुलानंतर उपदेशात. तान्हं बाळ तर 'बाळसं धरतं', त्याला गुटगुटीत म्हणायचं, दृष्ट काढायची. आमच्या लहानपणी सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या, त्यात सगळ्यात गोबऱ्या पोराला बक्षीस. शाळेत घातल्यावर केव्हातरी तेच पोर ढोल्या होतं, आणि मग त्याने काय खाल्लं याचा हिशोब सगळी आळी ठेवते.

तेव्हा पत्रकात नाम कुठलंही घ्या, 'वजन वाढवलेल्यांसाठी' किंवा 'वजनावर ताबा नसलेल्यांसाठी' असलं काही येऊ देऊ नका. ताबा हा शब्द तर अजिबात नको.

मल्हारगंज एक्सप्रेस
बाई, आदर आहे पण इथे पटलं नाही. आई 'पावसात भिजून सर्दी करून घेतलीस' म्हणतेच की. बाबांना 'शुगर वाढवून ठेवलीय' असंही सगळे म्हणतात. आपली भाषाच अशी आहे, प्रत्येक आजारात माणसाला कर्ता करते. फक्त वजनाच्या बाबतीत कशाला वाईट वाटून घ्यायचं? आणि खरं सांगायचं तर थोडं तरी आपल्या हातात असतं ना, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता गराडू आणि रबडी हाणायची आणि मग म्हणायचं वजन आपोआप वाढलं?

लष्करवाली बाई
सर्दीचं वाक्य बरोबर पकडलंत, शाबास. पण सर्दी चार दिवसांत जाते आणि वाक्यही तिच्याबरोबर जातं. सर्दी झाली म्हणून कुणाला नोकरी नाकारत नाहीत की स्थळ परत पाठवत नाहीत. शुगरचं म्हणाल तर ती कपाळावर दिसत नाही, सांगितली तर कळते. इथे माणूस बोलायच्या आधीच वाक्य तयार असतं.

सुदामानगरचा भीम
आणि सराफ्याचं म्हणाल तर तिथे तुमच्यासारखे बारीक लोक आमच्यापेक्षा जास्त दिसतात, आम्ही उभे राहिलो तर लोक आमच्या दोन्यात काय आहे ते बघतात. माझा एक मित्र माझ्याएवढंच खातो, खरं तर जास्तच, काडीसारखा आहे. त्याला म्हणतात 'खाल्लेलं अंगी लागत नाही बिचाऱ्याच्या'. बिचाऱ्याच्या!

पांढरा कोट
मल्हारगंजवाले दादा, हातात काहीच नसतं असं कुणी म्हणत नाही. पण किती असतं ते बघू. जुळ्यांवरच्या अभ्यासांत वजनातल्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग अनुवंशिक निघतो. चरबीतून मेंदूला 'पुरे आता' असा निरोप देणारं लेप्टिन १९९४ मध्ये सापडलं. माणसाने हट्टाने वजन उतरवलं की हे लेप्टिन खाली येतं, भूक लावणारं घ्रेलिन वर जातं, शरीर कमी जाळायला लागतं, आणि वर्षभरानंतरही हे पूर्ववत होत नाही. म्हणजे उतरवलेलं वजन परत आणण्यासाठी शरीर जिवाचं रान करतं. याला 'मनाचा कच्चा' म्हणायचं? शिवाय स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनीही वजन चढतं, तो माणूस आधीच एका आजाराशी झुंजत असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार म्हणून मान्यता दिली, आमच्या आजारांच्या यादीत याचा स्वतंत्र कोड फार आधीपासून आहे. आणि घालूनपाडून बोलल्याने कुणी बारीक होत नाही, लोक दवाखान्यात यायचे तेवढे बंद होतात, हे आम्ही रोज बघतो.

वैद्यबुवा
डॉक्टर साहेब, हे सगळं आमच्या चरकात थोड्या वेगळ्या रंगात आहे. सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय, नावच अष्टौनिन्दितीय, म्हणजे आठ निंदित. अति उंच, अति बुटका, अंगभर केसांचा, केसच नसलेला, फार काळा, फार गोरा, फार रोड आणि अतिस्थूल. लक्षात घ्या, गोराही निंदित, आजची क्रीमं बघून चरकाला काय वाटलं असतं कोण जाणे. त्यात अतिस्थूलाच्या कारणांत जास्त खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं हे येतंच, पण 'बीजस्वभाव'ही येतो, म्हणजे आईबापांकडून आलेलं. आणि पुढे म्हणतो की मेदाने वाटा अडल्या की वायू कोठ्यात फिरून अग्नी भडकवतो, म्हणून त्या माणसाला भूक अनावर लागते. म्हणजे भूक हेसुद्धा आजाराचंच लक्षण. आपण नेमका तेवढा भाग गाळला आणि 'निंदित' तेवढं लक्षात ठेवलं.

शब्द म्हणून 'अतिस्थौल्य' शास्त्रशुद्ध आहे. पत्रकावर कुणाला वाचता येणार नाही हेही कबूल.

जुना छापखाना
'अति' नको हो. मराठी माणसाने अति वाचलं की पुढे 'तिथे माती' आपोआप वाचलं जातं. शब्द अर्धा छापला तरी टोमणा पूर्ण पोचतो.

बडोद्याची मामी
मग गंभीर? तीव्र?

पोहेजलेबी
तीव्र तर दुखणं असतं, पोटात तीव्र कळ वगैरे. एकदम आलं आणि गेलं असं वाटतं.

अंगणवाडी ताई
तीव्र चालेल. महाराष्ट्रात अंगणवाडीच्या कागदांवर 'तीव्र कुपोषित बालक' आणि 'मध्यम कुपोषित बालक' असंच असतं, लोकांना सवय आहे. आणि तीव्र कुपोषित म्हटल्यावर कुणी त्या पोराला दोष देत नाही, लगेच घरात काय शिजतं, बाप कमावतो का, पोर सारखं आजारी पडतं का हे विचारतो. वजनाच्या दुसऱ्या टोकालाही तोच शब्द लावला तर बरं, निदान प्रश्न तरी तसेच विचारले जातील.

लष्करवाली बाई
वा. मला हे पटलं. 'तीव्र लठ्ठपणा असलेल्या व्यक्ती'. लठ्ठपणा 'असलेला' म्हटलं की माणूस वेगळा आणि लठ्ठपणा वेगळा राहतो. आम्ही नाही का महारोगी म्हणायचं सोडून कुष्ठरुग्ण म्हणायला लागलो, तेव्हाही लोक म्हणालेच होते की शब्द बदलून काय होणार.

मल्हारगंज एक्सप्रेस
शब्द बदलल्याने नाही, औषध आल्याने फरक पडला बाई.

लष्करवाली बाई
औषध घ्यायला माणूस दारापर्यंत यायला हवा ना.

सुदामानगरचा भीम
माझं मत अजून तेच, जाड म्हणा, पण पत्रकावर जाड छापणं बरं दिसणार नाही हेही मान्य. तीव्र लठ्ठपणा चालेल. फक्त एक करा, त्या टेबलावर पाटी लावू नका. पाटी लावली की काकू म्हणाल्या तेच होणार. सगळ्यांना एकाच रांगेतून घ्या आणि आतल्या खोलीत वजन करा, आकडा मोठ्याने ओरडून दुसऱ्याला लिहायला सांगू नका.

रामबागवाली
मंडळी फार मदत झाली. पाटीचं लगेच कमिटीला कळवलं, मान्य झालं. पत्रकात आता असं जातंय बघा :

'तीव्र लठ्ठपणा असलेल्या व्यक्तींचीही तपासणी होईल. मोठा बीपी पट्टा आणि २०० किलोपर्यंतचा काटा उपलब्ध आहे. वजन स्वतंत्र खोलीत घेतलं जाईल.'

जुना छापखाना
'व्यक्तींचीही' मधला 'ही' काढा. जणू उपकार करताय.

रामबागवाली
काढला.

सुदामानगरचा भीम
खुर्च्या कुठल्या आहेत?

रामबागवाली
टेंट हाउसच्या, प्लॅस्टिकच्या, हातवाल्या. का हो दादा?

सुदामानगरचा भीम
हातवाल्यांत आम्ही बसलो की उठताना खुर्ची बरोबर उठते. आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय फाकतात, मी तर कुठल्याही लग्नात दोन खुर्च्या एकात एक घालूनच बसतो, आता वाढपीसुद्धा ओळखतात. टेंट हाउसवाल्याकडे लोखंडी, बिनहाताच्या, घडीच्या असतात, थोड्या त्या सांगून ठेवा.

रामबागवाली
आत्ताच फोन केला. वीस आहेत म्हणाला, गंजलेल्या आहेत पण मजबूत. रंग मारून देतो म्हणाला.