मदत हवी आहे: वाचताना ओळ सुटते. व्हिजन थेरपी की डिस्लेक्सियाची तपासणी?

मुलगा तिसरीत, मराठी माध्यम. बोट ठेवलं नाही तर वाचताना ओळच सुटते. 'प्रकाश'चं 'पकाश' होतं, जोडाक्षर आलं की गाडी अडलीच. गोष्ट वाचून दाखवली तर मात्र जशीच्या तशी सांगतो. चष्मा नाही.

एका ऑप्टोमेट्रिस्टने (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे) सांगितलं, डोळ्यांची हालचाल बिघडलीये, व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांचे व्यायाम, घ्या. पॅकेज चांगलंच महाग. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात म्हटलंय की अशा थेरपीने डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन अवघड जाणं) सुधारतो याला शास्त्रीय आधार नाही. त्यांच्या मते अशा मुलांना शब्द ओळखायलाच कष्ट पडतात, म्हणून नजर अडखळते आणि मागे जाते. मला तरी हे पटतं, कारण चित्रातले फरक शोधताना पठ्ठ्या एकही सोडत नाही! जवळचं बघताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील तर व्यायामाचा उपयोग होतो म्हणे. ते नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेणार आहोत.

आम्ही नाशिकला असतो. मराठीतून वाचनाची चाचणी घेणारं जवळपास कुणी आहे का? डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी शाळेकडून कोणकोणती कागदपत्रं घ्यावी लागली? ज्यांनी थेरपी केली, त्यांच्या मुलांच्या वाचनात खरंच फरक पडला का?