श्रीलंकेतली राष्ट्रीय उद्यानं आणि पक्षी अभयारण्यं : अनुभव धागा

श्रीलंकेचं जंगल बघायला निघालेले बहुतेक जण आधी उद्यान ठरवतात आणि मग रजा मिळेल त्या महिन्यात जातात. तिथे हे उलटं करावं लागतं. बेट लहान असलं तरी पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडचा पाऊस सिंहराजा, कितुलगला हा पट्टा भिजवतो, तेव्हा पूर्वेकडची आणि उत्तरेकडची रानं कोरडी असतात. ऑक्टोबर ते जानेवारी ईशान्येकडचा पाऊस याला, कुमना, मिनेरिया, विल्पत्तू भरून टाकतो. कोरड्या पट्ट्यात प्राणी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. पाणी सगळीकडे असलं की तेही सगळीकडे पांगतात. म्हणून आधी महिना, मग उद्यान. ज्यांना एखादं ठिकाण नीट माहीत आहे त्यांनी गेट, वाहन, वेळ आणि हमखास होणाऱ्या चुका इथे लिहाव्यात.

—

यालापासून सुरुवात करतो. फेब्रुवारी ते जुलै चांगला काळ. सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुष्काळामुळे उद्यानाचा मुख्य भाग, म्हणजे ब्लॉक १, सहसा बंद ठेवतात, त्यामुळे त्या दिवसांतलं आरक्षण पक्कं करण्याआधी चौकशी करा.

मुक्काम टिस्सामहारामाला. गेट सकाळी ६ वाजता उघडतं, पण जीपची रांग त्याच्या बरीच आधी लागते. तिकिटात माणशी प्रवेश फी असतेच, शिवाय गटामागे सेवाशुल्क, वाहनाची फी आणि कर. जीपचं भाडं याहून वेगळं. दोघांनीच जीप घेतली तर गटामागचे खर्च दोघांवरच पडतात, चौघांत तेच निम्मे होतात. 'सांगितलेल्या दरात तिकीट धरलंय का?' हे आदल्या दिवशी स्पष्ट विचारा. वाद होतो तो इथेच. पासपोर्ट जवळ ठेवा, कारण तिकिटाचा दर नागरिकत्वावर ठरतो.

सकाळची अर्धी फेरी १० च्या सुमारास संपते आणि दुपारची २ च्या पुढे सुरू होते. दिवसभराची जीप घेतलीत तर मधल्या वेळात रस्ते बरेच रिकामे मिळतात. माझ्या मते ब्लॉक १ मध्ये दिवसभराचे जादा पैसे याचसाठी मोजावेत. श्रीलंकेत वाघ नाही, त्यामुळे बिबट्या तिथला सर्वात मोठा शिकारी आहे आणि उघड्यावर निवांत बसतो. पण तो दिसला की चालक एकमेकांना फोन करतात, दहा मिनिटांत पंधरा-वीस जीप जमतात आणि धुरळ्याने वैतागून तो झाडीत शिरतो. निघतानाच चालकाला सांगा : 'फोन आला तरी पळवायची नाही, पाण्याजवळ थांबायचं.' त्यालाही ते आवडतं, गाडीची मोडतोड वाचते.

जून-जुलैत पालूची फळं पिकतात. पालू म्हणजे आपली खिरणी. ती खायला अस्वलं झाडावर चढतात, तेव्हा या दिवसांत वरही बघत चला. खाली उतरायची परवानगी पटनंगलाचा किनारा, मेनिक नदीकाठ अशा ठरावीक जागीच. पटनंगलाला २००४ च्या त्सुनामीत गेलेल्यांचं स्मारक आहे.

—

वर मिनेरियाचं नाव आलंय, त्यात भर. हत्तींचा मोठा मेळा जुलै ते ऑक्टोबर, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत येतं आणि त्यासाठी कळप उतरतात. सगळा खेळ पाण्याच्या पातळीवर. त्या दिवसांत वरच्या धरणातून पाणी सोडलं तर गवत बुडतं आणि हत्ती कौडुल्ला किंवा हुरुलूकडे सरकतात. म्हणून 'मिनेरिया' असं ठरवून पैसे देऊ नका. हबरणाला पोचल्यावर त्याच दिवशी दुपारी विचारा, काल संध्याकाळी हत्ती कुठे होते, आणि त्या उद्यानाचं तिकीट काढा. तिन्ही जवळजवळ आहेत. सकाळची फेरी इथे वाया जाते, हत्ती ३ नंतर उघड्यावर येतात.

—

पाणपक्ष्यांसाठी बुंदला. १९९० मध्ये श्रीलंकेतलं पहिलं रामसर क्षेत्र झालं ते हेच. सप्टेंबर ते मार्च उत्तरेकडून आलेले चिखले (चिखलात चरणारे) पक्षी उथळ खाजणांत असतात : तुतवार, टिलवे, चिखल्या, जोडीला शेकाटे आणि चित्रबलाक. यालाच्या इतक्या जवळ असूनही गर्दी जवळपास नाही.

रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) आशेने मात्र जाऊ नका. जुन्या माहितीपत्रकांत त्यांचे थवे छापलेले असतात. पण शेतीचं गोडं पाणी एम्बिलिकला आणि मलला या खाजणांत उतरू लागलं, खारटपणा कमी झाला, रोहितांचं खाणं संपलं आणि ते येईनासे झाले. इतकी चांगली जागा कालव्याच्या पाण्याने बिघडावी याचं मला अजूनही वाईट वाटतं.

जीपचाच आडोसा म्हणून वापर करा. काठापासून लांब थांबवा, इंजिन बंद करायला सांगा, पाच मिनिटं हालचाल नको. चिखले आपणहून जवळ येतात. इंजिनाच्या थरथरीने दुर्बिणीतलं चित्र हलतं, म्हणूनही ते बंद हवं. ऊन पाठीशी राहील अशा बाजूने फेरी घ्या. उन्हाकडे तोंड केलं तर सगळे चिखले सारखेच काळे दिसतात.

विणीचा हंगाम बघायचा तर एप्रिल ते जुलै कुमना. कुमना विल्लूच्या (उथळ पाणथळीच्या) झाडांवर चित्रबलाक, चमचे (स्पूनबिल), बगळे, पाणकावळे यांची घरटी असतात. गेट ओकंदाला. इंधन, पाणी, खाणं पनामा गावातच भरून घ्या. जुलैच्या आसपास कतरगमा या देवस्थानाकडे जाणारी पदयात्रा याच रानातून जाते, तेव्हा ओकंदाला खूप गर्दी असते.

—

सिंहराजा हे पायी बघायचं जंगल आहे. जानेवारी ते मार्च उत्तम, ऑगस्ट-सप्टेंबरही चालतो. पक्ष्यांसाठी कुडवाचं प्रवेशद्वार घ्या. तिथली वाट १९७० च्या दशकात लाकूडतोडीसाठी केलेल्या जुन्या रस्त्यावरून जाते, त्यामुळे रुंद आहे आणि वरचे शेंडे दिसतात. देनियायाकडची बाजू ओढे-धबधब्यांसाठी छान, पण तिथे मान वर करून चालणं अवघड. वाटाड्या घ्यावाच लागतो. 'पक्षी दाखवणारा' असा आग्रह धरा, नाहीतर सगळा वेळ झाडांची नावं ऐकण्यात जातो.

इथे पक्षी मिश्र थव्यांनी फिरतात. तासभर काहीच नाही, आणि मग एकदम चाळीसेक. नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट आणि कोतवालाची शीळ ऐकू आली की जागीच थांबा. थव्यामागे चालत गेलं की तो वर सरकतो. पहिली दोन मिनिटं सातभाईंवर घालवू नका, ते मागेपुढे दिसणारच. शेंड्यात लाल तोंडाचा मलकोहा आणि निळा मॅगपाय शोधा, दोन्ही फक्त श्रीलंकेतले. बेटावर असे तिसाहून अधिक प्रदेशनिष्ठ पक्षी आहेत आणि त्यातले बरेचसे इथे मिळतात. याच रानाच्या पट्ट्यात २००१ मध्ये विज्ञानाला अज्ञात असलेलं एक छोटं घुबड पहिल्यांदा नजरेस पडलं. दिवसा ते कुठे बसतं हे वाटाड्यांना ठाऊक असतं. त्याच्याजवळ फ्लॅश कोणीही वापरू नये.

जळवांसाठी दाट विणीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्या, पँट आत खोचून वरून नाडी आवळा. साध्या मोज्यांच्या विणीतून जळू आत शिरते. लागलीच तर ओढू नका, नखाने कडेने सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, ते साहजिक आहे. दुर्बीण ८×४२ बरी, सावलीत जास्त उजेड देते. एसी खोलीतून थेट बाहेर काढली तर काचेवर वाफ धरते, म्हणून निघण्याआधी अर्धा तास व्हरांड्यात ठेवा.

—

लहान मुलं बरोबर असतील तर उडवलवे. हत्ती वर्षभर दिसतात, माळ मोकळा असल्याने शोधावं लागत नाही आणि अर्धी फेरी पुरते. शेजारी १९९५ पासून अनाथ पिल्लांचं केंद्र आहे. दर तीन तासांनी दूध पाजतात, ते कठड्यामागून बघायचं. पिल्लांना हात लावू देत नाहीत, कारण ती पुन्हा रानात सोडायची असतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

—

हॉर्टन प्लेन्सला जीप लागत नाही, साडेनऊ किलोमीटरची गोल पायवाट आहे, सुमारे तीन तासांची. नुवारा एलियाहून पहाटे साडेचारला निघा. ९-१० नंतर धुकं चढलं की वर्ल्ड्स एंडच्या कड्यावरून पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. छोटा कडा, मग वर्ल्ड्स एंड आणि परतताना बेकर्स धबधबा असा क्रम ठेवा. गेटवर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक काढून घेतात, बाटल्यांची लेबलंही सोलतात. तेव्हा खाणं डब्यात न्या. उंची २,१०० मीटरच्या वर असल्याने जानेवारीत पहाटे दहिवर गोठतं, हातमोजे हवेत.

श्रीलंकेचा शीळकरी कस्तुर हवा असेल तर उजाडायच्या आधी अरेंगा तळ्याशी उभे राहा. झुंजुमुंजू होताना तो झाडीतून बोलतो आणि थोड्याच वेळात गप्प होतो. परत आल्यावर दुपारी नुवारा एलियातलं व्हिक्टोरिया पार्क बघा. हिवाळ्यात काश्मिरी माशीमार आणि नवरंग त्या शहरी बागेत, नाल्याकाठी, हमखास म्हणावे इतके दिसतात.

—

विल्पत्तूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सर्वात मोठं उद्यान, दाट झाडी, मधे 'विल्लू' म्हणजे पावसाचं पाणी साठणाऱ्या उथळ बशा. अर्ध्या दिवसात फक्त झाडी दिसते, पूर्ण दिवसच घ्या आणि एकाच विल्लूवर तासभर थांबा. शनिवार-रविवार आणि पौर्णिमेची पोयाची सुट्टी सगळ्याच उद्यानांत टाळा. तारखा ठरवताना श्रीलंकेचं कॅलेंडर शेजारी ठेवा.