उघडलेली वाईन टिकवायची कशी? मदत हवी आहे, आज रात्रीच्या आत

कर्वेनगरची मुक्ता:
नाशिकहून दोन बाटल्या आणल्या होत्या. पहिली रविवारी उघडली, दोघांत मिळून दोनच ग्लास झाले. बुधवारी ओतली तर चक्क व्हिनेगरचा वास! सगळी मोरीत ओतावी लागली, फार हळहळ वाटली. दुसरी आज उघडणार आहोत, ती चार दिवस तरी टिकायला हवी. पटकन सांगा.

पर्वतीपायथा:
रेड की व्हाइट? ठेवली कुठे होती?

मुक्ता:
रेड, शिराझ. बूच लावून ओट्यावर. रेड फ्रीजमध्ये ठेवत नाहीत ना?

पर्वतीपायथा:
इथेच चुकलं. रेड घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात, ते थंड देशातल्या घरांचं, म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये ओट्यावर त्याच्या दुप्पट असतं. बाटलीत हवा शिरली की ॲसिटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात आणि उकाड्यात हे झपाट्यानं होतं. रेडसुद्धा घट्ट झाकून फ्रीजमध्येच ठेवा, तीही उभी. आडवी ठेवली की हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. ३ ते ५ दिवस सहज जातात.

सहकारनगर_७:
व्हॅक्यूम पंप घ्या. रबरी बूच लावायचं, दहा-बारा वेळा ओढायचं, झालं. चार वर्षं वापरतोय.

दुसराघोट:
पंपानं सगळी हवा निघत नाही, आणि बुचातून हळूहळू परत आत येते. त्यापेक्षा ३७५ मिलीची बाटली घ्या. ७५०ची उघडल्या उघडल्या अर्धी तिच्यात काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. हवाच नाही तर बिघडणार काय?

सहकारनगर_७:
माझी शिराझ पाचव्या दिवशीही छान लागते, हे अनुभवाचं सांगतोय.

दुसराघोट:
तुम्ही ती फ्रीजमध्ये ठेवता म्हणून. एकदा पंप न लावता ठेवून बघा.

आप्पा_औंध:
स्पार्कलिंगच्या बाटलीत चांदीचा चमचा अडकवला तर फेस टिकतो म्हणतात, तो उपाय करू नका, उपयोग शून्य. पंप तर मुळीच नको, गॅसच ओढला जातो. कडीचं खास बूच मिळतं ते लावा. नारायणगावला १९८०च्या दशकात स्पार्कलिंग बनायला लागली तेव्हापासून पितोय.

पर्वतीपायथा:
आप्पा, त्यांची शिराझ आहे.

स्वयंपाकघर:
बिघडली तरी ओतू नका हो! नुसती उतरलेली असेल तर मटणाच्या रश्श्यात घाला. उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

मुक्ता:
छोटी बाटली आत्ता कुठून आणू? घरी कोकम सरबताची रिकामी काचेची आहे.

दुसराघोट:
वास घेऊन बघा. जरा जरी कोकम जाणवलं तरी नको, वाईन तो उचलते. सोड्याची काचेची, फिरकीच्या झाकणाची चालेल. गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा.

मुक्ता:
शेजारच्या काकूंकडे सोड्याची मिळाली. नरसाळ्यानं गळ्यापर्यंत भरली, फ्रीजच्या दारात ठेवलीय. सोमवारी चव घेऊन इथेच लिहिते.

पर्वतीपायथा:
दारात नको, उघडझाक फार होते. मागे, भाजीच्या कप्प्यावर ठेवा.