मदत हवी आहे: नाशिकहून ठाण्याला दोन दिवस, सोबत पंचाहत्तरीचे बाबा आणि दोन मुलं

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पाच जण नाशिकहून ठाण्याला येतोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि माझे बाबा. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचा एकच प्रश्न, ठाण्याला सहलीला कोण जातं? तिकडची माणसं सुट्टीत आमच्याकडे येतात, आणि आम्ही उलट्या दिशेनं निघालोय. पण मला जायचंच आहे, आणि ही सहल नीट व्हायला हवी आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं माहेर नौपाड्यातलं. बाबांनी वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली. आई गेल्यावर ते घर विकलं आणि बाबा आमच्याकडे आले, त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत ते एकदाही ठाण्याला गेलेले नाहीत. दिवाळीत मी विचारलं, पंचाहत्तरीला काय हवंय? म्हणाले, "काही नको. तलावपाळीला एक संध्याकाळ बसव मला." तलावपाळी म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. त्यापुढे काही बोलले नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

अडचण अशी की गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर काठी घेऊन अर्धा तास चालतात. जिना मात्र दहा-बारा पायऱ्यांनंतर थांबावंच लागतं, आणि दुपारी तासभर आडवं झाल्याशिवाय संध्याकाळ निभत नाही.

मुलगा पक्ष्यांच्या मागे आहे. नांदूरमध्यमेश्वर जवळ असल्यामुळे हिवाळाभर आमचे रविवार तिथेच जातात. आता त्याला ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे आहेत, तेही होडीतून. मुलीला फुलपाखरं हवीत, कारण मी कधीतरी तिला ओवळेकर वाडीबद्दल सांगून बसले.

आणखी एक गोष्ट. मुलगा ज्या मैदानावर क्रिकेट खेळतो ते नाशिकचं अनंत कान्हेरे मैदान. कलेक्टर जॅक्सनला कान्हेऱ्यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या तो २१ डिसेंबर १९०९ चा दिवस त्याला पाठ आहे. पण त्यांना आणि कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती आजोबांच्या ठाण्यातल्या तुरुंगात, हे परवा मी सांगितलं तेव्हा तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, आपण तिथे जायचं.

माझा कच्चा आराखडा: शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं नाशिक रोडहून निघून दहाच्या सुमाराला ठाणे. सामान टाकून सगळे ऐरोलीला होडीसाठी. तिथून परत येऊन संध्याकाळी तलावपाळी. रविवारी सकाळी ओवळेकर वाडी, दुपारी येऊरचं जंगल, जमलं तर उपवन तलाव, आणि संध्याकाळच्या पंचवटीनं परत.

नवरा म्हणतो हे जरा जास्त होतंय. मलाही तसंच वाटतंय, पण काय गाळावं ते कळत नाही. राहायला कुठला भाग सोयीचा? बाबांना होडीत चढता येईल का? तुरुंगात आत सोडतात का? खाण्याचं मी बघेन, पण सहा वर्षांत काही नवं चांगलं निघालं असेल तर तेही सांगा.

---

खाडीकर:

ताई, होडीचं आधी सांगतो, कारण बाकीचा कार्यक्रम तिच्यावर ठरेल. ऐरोलीला वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, होड्या तिथून सुटतात. आगाऊ नोंदणी करा, शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. पण होडीची वेळ आपण ठरवायची नसते, ती खाडी ठरवते. ऐन भरतीत चिखलाची मैदानं बुडतात आणि पक्षी लांब सरकतात. पूर्ण ओहोटीला होडीच रुतते. म्हणून फेऱ्या मधल्या पाण्याला असतात आणि रोजची वेळ बदलते.

घरी कॅलेंडर असेल तर आमच्याकडची जुनी रीत वापरा: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. पंचमीला पावणेचार. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा चढतं, तेव्हा हा नुसता अंदाज समजा. नेमकी वेळ केंद्रच सांगेल.

बाबांबद्दल: होडी पाण्याबरोबर वरखाली होते, पाऊल टाकताना तोल सांभाळावा लागतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला मी ही जोखीम देणार नाही. केंद्रात बसून पाहण्यासारखं माहिती दालन आहे, पण नुसतं त्यासाठी त्यांना ऐरोलीपर्यंत नेऊ नका.

मुलाला सांगा, ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ चं आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. त्याच्या नांदूरमध्यमेश्वरला तो आधीच मिळालाय, २०२० मध्ये जाहीर झाला, महाराष्ट्रात सगळ्यात पहिल्यांदा. एका रामसर स्थळावरून दुसऱ्यावर येतोय तो!

---

पाकोळी:

ओवळेकर वाडी फक्त रविवारी सकाळी उघडी असते, त्यामुळे तुमचा रविवार बरोबर पडलाय. फार लवकर जाऊ नका. पंखांना ऊन लागल्याशिवाय फुलपाखरं हलत नाहीत, नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. खरा बहर पावसाळा संपल्यावरच्या दोन-तीन महिन्यांत असतो. फेब्रुवारीत संख्या कमी दिसेल, हे लेकीला आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. नशीब असेल तर नीलवंत दिसेल, आपलं राज्य फुलपाखरू. काळ्या पंखांवर निळी झाक असते, पाच वर्षांच्या मुलीलाही लगेच ओळखता येईल.

वाट मातीची आणि उंचसखल आहे. काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी नाही.

येऊर गाळा. राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, सुंदर आहे, मी दर महिन्याला जाते. पण येऊर पहाटे पाहायचं, दुपारी दोनला लहान मुलांना घेऊन नाही. एवढ्या घाईत त्यांना जंगल कळणारही नाही.

---

तीन पंप:

राहायला नौपाडा किंवा पाचपाखाडी. घोडबंदर रस्त्याला नवी चकचकीत हॉटेलं दिसतील, भुलू नका. तिथून तलावपाळीला यायला संध्याकाळी किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. पाचपाखाडीत राहिलात तर सकाळी बाबांना कचराळी तलावाला फेरी मारता येईल. सपाट पट्टा आहे, आणि त्यांच्या वयाची माणसं तिथे असतात.

खाण्याचं तुम्ही नौपाड्याच्या, मी काय सांगणार! गजानन वडापावची पिवळी चटणी आहे तशीच आहे. मामलेदार मिसळीला मात्र मुलांना कमी तिखट मागा. नाशिकच्या मिसळीची सवय असलेली मुलं पापड आणि दही शोधत बसतील. इथे रस्सा थेट अंगावर येतो. ताक जवळ ठेवा.

---

जुना ठाणेकर:

बाळ, तुझ्या वडिलांपेक्षा मी दोन वर्षांनी मोठा आहे, म्हणून अधिकारानं लिहितो.

तुरुंगाचं आधी. तो चालू तुरुंग आहे, सहज आत सोडत नाहीत. बाहेरून तट दाखव. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. नातवाला त्या भिंतीपाशी पाच मिनिटं उभं कर आणि कान्हेऱ्यांचं वय सांग. विशीचाही नव्हता तो पोरगा. आत जायची गरज नाही.

स्टेशनवर उतरलात की तेही सांग. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथेच आली होती. चौदा डबे आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मुलांना इंजिनांची नावं फार आवडतात, माझ्या नातवंडांना तोंडपाठ आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या यादीत तलावपाळी सगळ्यात शेवटी आहे, ऐरोलीहून दमून आल्यावर. वडिलांनी एकच गोष्ट मागितली आणि तीच तू उरलेल्या वेळात बसवलीस. रागावू नकोस. आम्ही म्हातारी माणसं दमलो तरी सांगत नाही, "बघितलं, झालं, चला" म्हणतो. त्यांना दुपारी झोपू दे. साडेचारला ने, गर्दी व्हायच्या आत. आधी कौपिनेश्वराचं दर्शन, मग पाळीवर. दिवे लागेपर्यंत उठवू नकोस.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तुमचं खरं आहे. मी मुलांच्या वेळा आधी मांडल्या आणि बाबांची संध्याकाळ उरलेल्या जागेत घातली. रागावण्याचा प्रश्नच नाही.

कॅलेंडर काढून पाऊणपट करून पाहिली. आमच्या शनिवारी चतुर्थी येते, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि होडी दुपारी बारा-एकच्या आसपास असेल असा माझा अंदाज. केंद्राला विचारून पक्कं करते. त्यावरून असं ठरवलंय: ठाण्याला उतरल्यावर नवरा आणि मुलगा तिथूनच ट्रान्स हार्बर लोकलच्या फलाटावर जातील आणि ऐरोलीला उतरतील. मी, बाबा आणि मुलगी रिक्षानं पाचपाखाडीत. जेवण, बाबांची झोप. चारपर्यंत ते दोघे येतील, मग सगळे मिळून कौपिनेश्वर आणि तलावपाळी. त्या दिवशी बाकी काही नाही.

रविवारी मी आणि नवरा मुलांना घेऊन ओवळ्याला. बाबा कचराळीला. आमच्या जुन्या घराच्या खाली राहणाऱ्या काकांना फोन केला होता, ते अजून नौपाड्यातच आहेत. सकाळी सात वाजता बाबांना घ्यायला येतो म्हणाले. फोनवर त्यांचा आवाज ऐकून मलाच भरून आलं. दुपारी सगळे एकत्र जेवू, रिक्षानं तुरुंगाच्या तटापाशी थांबू आणि गाडी पकडू. येऊर आणि उपवन गाळले.

खाडीकर, मुलाला रामसरचं सांगितलं. त्यानं वहीत दोन्ही सालं लिहून घेतली आहेत आणि मला विचारतोय की महाराष्ट्रात तिसरं कुठलं. लोणार, असं मी सांगितलं. आता त्याला लोणारलाही जायचंय.

एक शेवटचं विचारते, फार बारीक आहे पण माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. बाबा पूर्वी तलावपाळीला गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या बाजूला बसायचे. तिथे आता पाठ टेकायला बाक आहेत की नुसता कट्टा? ऑपरेशननंतर त्यांना टेकल्याशिवाय जास्त वेळ बसवत नाही. नुसता कट्टा असेल तर मी घडीची खुर्ची घेऊन येईन, गाडीत वर ठेवता येते.

---

जुना ठाणेकर:

उद्या संध्याकाळी माझी फेरी तिकडूनच आहे. बसून बघतो आणि लिहितो.